खाद्यरंगांचे ‘किरणकवच’ : आधी संहती विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हळदीतले कर्क्युमिन, बिटाचा तांबडा रंग, टोमॅटोतले लायकोपीन, शेंदरीच्या बियांतले बिक्सिन हे वनस्पतिजन्य खाद्यरंग मानवी पेशींचे किरणोत्सर्गापासून रक्षण करतात, अशा बातम्या आरोग्य पुरवण्यांमधून वरचेवर येतात. त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा खरे प्रयोग असतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना रंग घालून गॅमा किंवा एक्स-किरण दिले, आणि रंग न घातलेल्या पेशींपेक्षा त्यांच्या डीएनएला इजा कमी झाली, एवढे त्या प्रयोगांत दिसलेले असते. मात्र बातमीत तीन गोष्टी जवळजवळ कधीच सापडत नाहीत : पेशींभोवती रंगाची संहती, म्हणजे द्रावणातले प्रमाण, किती होती, तो किरण देण्याच्या किती आधी घातला, आणि कशात विरघळवून घातला. या तिन्हींवाचून ‘रक्षण’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही. कसा, ते या पत्रात सविस्तर मांडतो. पत्र लांबले आहे. विषयच आकड्यांचा आहे.

आधी एक गैरसमज. रंग प्रकाश शोषतो म्हणून तो किरणोत्सर्गही शोषत असणार, असे वाचकाला सहज वाटते. डोळ्याच्या दृष्टिपटलावरच्या पिवळ्या ठिपक्यात ल्युटिन आणि झियाझँथिन हे रंग असतात आणि ते निळा प्रकाश खरोखरच गाळतात. पण तो दृश्य प्रकाश आहे. एक्स किंवा गॅमा किरण अडणे हे अणुक्रमांकावर आणि इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर अवलंबून असते. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांनी बनलेला रंगाचा रेणू या बाबतीत पाण्याहून वेगळा नाही. रंग शिल्डिंग करत नाही, म्हणजे किरण अडवत नाही. तो काही करत असलाच, तर किरण पेशीत शिरल्यानंतर.

त्यानंतर काय होते? १ ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणोत्सर्गाचे एकक) मात्रेने पेशीत सुमारे १,००० ठिकाणी डीएनएचा एकेरी धागा तुटतो आणि २० ते ४० ठिकाणी दोन्ही धागे तुटतात. एकेरी तुटीची दुरुस्ती पेशी सहज करते. जीव जातो तो मुख्यतः दुहेरी तुटींमुळे. एक्स आणि गॅमा किरणांच्या बाबतीत यातली साधारण दोन तृतीयांश इजा अप्रत्यक्ष असते. किरण पाण्याच्या रेणूला फोडतो, हायड्रॉक्सिल मूलक हा अतिशय क्रियाशील तुकडा तयार होतो आणि तो डीएनएवर आदळतो. उरलेली इजा थेट डीएनएतच ऊर्जा पडल्याने होते. तिथे मूलक पकडणारा कोणताही पदार्थ निरुपयोगी. अल्फा कणांच्या बाबतीत तर जवळपास सगळीच इजा थेट स्वरूपाची. म्हणून ‘किरणोत्सर्गापासून रक्षण’ असे सरसकट लिहिणे इथेच चुकते. कोणता किरण, हे आधी सांगायला हवे.

हायड्रॉक्सिल मूलक पेशीत जेमतेम काही नॅनोसेकंद जगतो आणि तेवढ्यात काही नॅनोमीटरच सरकतो. जो समोर येईल त्याच्याशी तो अभिक्रिया करतो : प्रथिने, शर्करा, पेशीचे स्वतःचे अँटिऑक्सिडंट ग्लुटाथायोन, सगळ्यांशी. आता रंगाचा हिशेब मांडू. प्रयोगांत कर्क्युमिनची संहती साधारण १० मायक्रोमोलर असते, म्हणजे लिटरमागे सुमारे ३.७ मिलिग्रॅम. हायड्रॉक्सिल मूलकाशी अभिक्रियेचा वेग जास्तीत जास्त, म्हणजे रेणू भेटताक्षणी अभिक्रिया होते असे धरले, तरी त्याचा स्थिरांक दर मोलरला दर सेकंदाला १,००० कोटींच्या घरात येतो. त्याला १० मायक्रोमोलरने गुणले की सेकंदाला १ लाख. याचा अर्थ, एकट्या रंगाला तो मूलक गाठायला १० मायक्रोसेकंद, म्हणजेच १०,००० नॅनोसेकंद लागतील. पेशीतले बाकीचे रेणू त्याला काही नॅनोसेकंदांतच संपवतात. काही हजार मूलकांमागे एखादा रंगाच्या वाट्याला येईल, तोही तो डीएनएच्या अगदी शेजारी असेल तर. पेशीत ग्लुटाथायोनच १ ते १० मिलिमोलर (१ मिलिमोलर म्हणजे १,००० मायक्रोमोलर) असते. मायक्रोमोलर रंगाने त्यात भर घालणे म्हणजे भरल्या हौदात चमचाभर पाणी ओतणे.

शिवाय रंग कुठे बसतो? कॅरोटीन, लायकोपीन, बिक्सिन हे तेलात विरघळणारे रेणू पेशीपटलात जाऊन बसतात. पटलातल्या मेदाचे ऑक्सिडीकरण ते रोखू शकतात आणि त्याचे पुरावेही चांगले आहेत. पण पेशी मरते ती केंद्रकातल्या डीएनएमुळे. केंद्रकात, थेट डीएनएच्या खोबणीत बसणारा रंग मात्र खरोखर रक्षण करतो. हेक्स्ट ३३३४२ हा सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रक दाखवण्यासाठी वापरला जाणारा कृत्रिम रंग त्याचे उदाहरण. तो खाण्याचा नाही आणि डीएनएला चिकटणारा असल्याने स्वतःही धोक्याचा, पण त्यातून एवढे कळते की नुसते ‘अँटिऑक्सिडंट’ असणे पुरत नाही, जागाही बरोबर लागते.

आता पोटातून रक्तात किती जाते ते पाहू. कर्क्युमिन ८ ग्रॅम एकदम दिल्यावर रक्तद्रवात सापडलेली सर्वोच्च संहती सरासरी पावणेदोन मायक्रोमोलरच्या आसपास होती, आणि अनेक अभ्यासांत त्याहूनही कमी. आतडे आणि यकृत त्याला ग्लुकुरोनाइड व सल्फेट जोडून पटकन बाहेर काढतात. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची स्वीकारार्ह मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ३ मिलिग्रॅम ठरवली आहे. ६० किलोच्या माणसाला ती १८० मिलिग्रॅम होते. म्हणजे ८ ग्रॅम ही ४४ दिवसांची मर्यादा एका दमात घेणे झाले, आणि तरीही प्रयोगशाळेतल्या पेशींच्या बशीतल्या १० मायक्रोमोलरच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतही मजल जात नाही. खाद्यपदार्थात रंग म्हणून पडणाऱ्या चिमटीची तर बातच नको. अँथोसायनिन या जांभळ्या-लाल वनस्पतिरंगाचेही तसेच : घेतलेल्यापैकी मूळ रूपात रक्तात पोहोचणारा वाटा फारच थोडा.

मग बशीत रक्षण दिसते ते का? एक कारण खरे आहे. कर्क्युमिनसारखे रेणू पेशीतल्या कीप-१ या प्रथिनाशी अभिक्रिया करून एनआरएफ-२ हा जनुक-नियंत्रक मोकळा करतात. मग पेशी ग्लुटाथायोन बनवणारी आणि इतर बचावाची विकरे वाढवते. हे व्हायला काही तास लागतात, आणि त्याला कमी संहतीही पुरते. हा मार्ग अभ्यासण्याजोगा आहे यात शंका नाही. पण इथे रंग स्वतः मूलक पकडत नाही, तर पेशीला सौम्य चिथावणी देतो. रंग किरणांच्या अर्धा तास आधी घातला आणि लगेच धुऊन टाकला, तर ही यंत्रणा सुरू व्हायला वेळच मिळत नाही.

बाकीची कारणे प्रयोगाच्या मांडणीत दडलेली असतात. सर्वांत मोठा घोळ विद्रावकाचा. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून डायमिथाइल सल्फॉक्साइड, म्हणजे डीएमएसओ वापरतात. शुद्ध डीएमएसओ १४ मोलर असते. माध्यमात, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यात, ते ०.१ टक्का जरी पडले, तरी त्याची संहती १४ मिलिमोलर होते, १० मायक्रोमोलर रंगाच्या १,४०० पट. आणि डीएमएसओ हे स्वतः हायड्रॉक्सिल मूलक पकडणारे, किरणजीवशास्त्रात त्याच कामासाठी मुद्दाम वापरले जाणारे रसायन आहे. एकाच साठा-द्रावणातून ५, १० आणि २० मायक्रोमोलर बनवले की डीएमएसओही ०.०५, ०.१ आणि ०.२ टक्के होते. मग ‘मात्रेनुसार वाढणारे रक्षण’ दाखवणारा सुबक आलेख मिळतो. तो रंगाचा की विद्रावकाचा, हे कोणालाच सांगता येत नाही. कॅरोटीन-लायकोपीनसारख्या कॅरोटिनॉइड रंगांसाठी टेट्राहायड्रोफ्युरॅन हा विद्रावक वापरतात. त्यात पेरॉक्साइड साचू नयेत म्हणून बऱ्याचदा बीएचटी घातलेले असते, आणि बीएचटी स्वतःच अँटिऑक्सिडंट!

यावर उपाय अवघड नाही. ३.७ मिलिग्रॅम कर्क्युमिन १ मिलिलिटर डीएमएसओत विरघळवले की १० मिलिमोलर साठा होतो. पुढची सगळी विरलीकरणे माध्यमात न करता डीएमएसओतच करावीत, प्रत्येक द्रावण हवे त्याच्या १,००० पट तीव्र ठेवावे, आणि प्रत्येक नळीत दर मिलिलिटर माध्यमाला १ मायक्रोलिटरच घालावे. रंगाविना फक्त डीएमएसओ घातलेली नळी आणि काहीच न घातलेली नळी, असे दोन्ही नियंत्रण गट हवेत. साठा अंधारात आणि थंडीत ठेवावा, कारण प्रकाशात कर्क्युमिन आणि बिक्सिन दोन्ही मोडतात. माध्यमात रक्तजल नसेल तर ३७ अंशांना आणि ७.२ पीएचला कर्क्युमिनचा सुमारे ९० टक्के भाग अर्ध्या तासातच विघटित होतो; १० टक्के रक्तजल असेल तर निम्मे उरायला सुमारे ८ तास लागतात. म्हणजे रक्तजलाविना एक तास ‘पूर्वप्रक्रिया’ केली असेल, तर किरण दिले तेव्हा नळीत कर्क्युमिन फारसे नव्हतेच.

मानवी पेशींसाठी सूक्ष्मकेंद्रक चाचणी बरीच वापरली जाते, तिचे उदाहरण घेऊ. डीएनए तुटल्यावर विभाजनात मागे राहिलेल्या तुकड्यांची जी छोटी केंद्रके बनतात, ती सूक्ष्मकेंद्रके. रक्ताचे नमुने रंग घालून ३७ अंशांना एक तास ठेवायचे, मग २ ग्रे द्यायचे. किरण देताना नळीभोवती पाणी किंवा पर्स्पेक्स (पारदर्शक प्लॅस्टिक) हवे, नाहीतर कडेच्या पेशींना मात्रा कमी पडते. दुरुस्तीसाठी ३७ अंशांना दोन तास थांबायचे. मग ०.५ मिलिलिटर रक्त ४.५ मिलिलिटर माध्यमात घेऊन फायटोहीमॅग्लुटिनिन या विभाजन चेतवणाऱ्या प्रथिनाने लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) विभाजनाला लावायच्या, ४४व्या तासाला मिलिलिटरमागे ६ मायक्रोग्रॅम सायटोकॅलॅसिन-बी घालायचे म्हणजे केंद्रक दुभागते पण पेशी दुभागत नाही, आणि ७२व्या तासाला पेशी काढून १,००० द्विकेंद्रकी पेशींतली सूक्ष्मकेंद्रके मोजायची.

यात घसरगुंडी कुठे आहे? रंग जर ७२ तास माध्यमातच राहिला, तर कर्क्युमिन विभाजन रोखते. ज्या पेशींना जास्त इजा झाली त्या द्विकेंद्रकी अवस्थेपर्यंत पोहोचतच नाहीत, मोजणीतून गळतात, आणि सूक्ष्मकेंद्रके ‘कमी झाली’ असे दिसते. रंगाने पेशी वाचवल्या नाहीत, फक्त जखमी पेशी हजेरीतून वगळल्या. म्हणून सूक्ष्मकेंद्रकांच्या शेजारी विभाजन निर्देशांक, म्हणजे पेशी कितपत विभागल्या याचा आकडा, छापलेला नसेल तर तो निकाल मानू नये. दुसरी कसोटी आणखी साधी : रंग किरण दिल्यानंतर दहा मिनिटांनी घालून बघायचा. तेव्हा सगळे हायड्रॉक्सिल मूलक कधीच संपलेले असतात. तरीही तेवढेच ‘रक्षण’ दिसले, तर मूलक पकडण्याची गोष्ट तिथेच बाद होते.

डीएनएची दुहेरी तूट गॅमा-एच२एएक्सच्या, म्हणजे तुटीच्या जागी खूण होणाऱ्या एका प्रथिनाच्या, ठिपक्यांवरून मोजतात. हे ठिपके किरणांनंतर अर्ध्या तासाच्या सुमारास सर्वाधिक असतात आणि २४ तासांत बहुतेक विरतात. बहुतेक ठिकाणी ते हिरव्या प्रतिदीप्तीने दाखवतात आणि कर्क्युमिन स्वतः हिरवे चमकते. पार्श्वभूमी उजळली की ठिपके मोजणीत हरवतात. लाल प्रतिदीप्तीचे प्रतिपिंड वापरणे आणि रंग घातलेली, पण किरण न दिलेली नळीही मोजणे हे दोन्ही करायला हवे. पेशीतले ऑक्सिडंट मोजणारी डायक्लोरोफ्लुओरेसिन चाचणी तर अशा रंगांसाठी जवळपास बादच समजावी, कारण रंग तिचा प्रकाशच गिळतो किंवा त्यात भर घालतो. आणखी एक, सहसा कोणाच्या लक्षात न येणारी गोष्ट ऑक्सिजनची. बंद नळीत दाट पेशी वाट पाहत राहिल्या की त्या ऑक्सिजन संपवतात, आणि ऑक्सिजनविना पेशींना तेवढीच इजा व्हायला एक्स-किरणांची अडीच ते तीनपट मात्रा लागते. रंगाची नळी नियंत्रणाच्या नळीपेक्षा वीस मिनिटे जास्त थांबली, तरी निकाल बदलू शकतो.

आकडेवारीचे थोडक्यात. समजा, नियंत्रणात १,००० पेशींत ३०० सूक्ष्मकेंद्रके मिळाली आणि रंगासह २७०. फरक ३०चा, नुसत्या मोजणीतली अनिश्चितता २४ची. हे रक्षण नव्हे, गोंगाट आहे. एकाच व्यक्तीच्या रक्ताचे दोन्ही नमुने जोडीने तपासावेत आणि मोजणाऱ्याला नळी कोणती ते माहीत नसावे. ‘३० टक्के रक्षण’ हा शब्दप्रयोगही फसवा आहे. मात्रा आणि इजा यांचा आलेख वर वळत जातो, त्यामुळे २ ग्रेला इजा ३० टक्के कमी दिसली म्हणजे मात्रा ३० टक्के कमी झाल्यासारखी नसते, त्याहून कमी असते. खरा आकडा म्हणजे मात्रा-न्यूनीकरण गुणक : तेवढीच इजा व्हायला रंगासह किती ग्रे लागले भागिले रंगाविना किती. तो काढायला एकाच मात्रेवर भागत नाही, ०, ०.५, १, २, ३, ४ ग्रे अशी मालिका लागते.

बाजारातला ‘रंग’ आणि प्रयोगातला रेणू हेही एक नसतात. व्यापारी कर्क्युमिनमध्ये साधारण तीन चतुर्थांश कर्क्युमिन आणि उरलेले त्याचे दोन भाऊबंद असतात. बिटाच्या रंगात, म्हणजे १६२ क्रमांकाच्या खाद्यरंगात, बीटानिन हे मूळ रंगद्रव्य ०.४ टक्के असले तरी तो प्रमाणित ठरतो. बाकी शर्करा, क्षार आणि प्रथिने. ‘बिटाच्या रंगाने’ पेशी वाचल्या असे म्हणताना नेमके कशाने वाचल्या, ते उघडच राहते. आणि १२० क्रमांकाचा कार्माइन हा लाल रंग किड्यापासून येतो. वनस्पतिजन्य रंगांच्या यादीत तोही बसवलेला दिसतो, म्हणून हा उल्लेख.

माणसांवरचे पुरावे काय सांगतात? स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेणाऱ्या ३० स्त्रियांवरील २०१३च्या चाचणीत रोज ६ ग्रॅम कर्क्युमिनने त्वचेचा दाह कमी झाला. बातमी सर्वत्र पोहोचली. पुढे २०१८ मध्ये ६८६ रुग्णांवरील बहुकेंद्री चाचणीत तो फायदा ठळकपणे दिसला नाही. ती बातमी मात्र फारशी कुठे झाली नाही. बीटा-कॅरोटीनची कथा जास्त गंभीर आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीत (निष्कर्ष १९९४) रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. अमेरिकेतल्या १८,३१४ जणांवरील चाचणीत बीटा-कॅरोटीन आणि अ-जीवनसत्त्व एकत्र दिले, तेव्हा तो २८ टक्के जास्त निघाला आणि १९९६ मध्ये ती मुदतीआधी थांबवावी लागली. गाजरात असते ते गोळीत कितीतरी पटींनी घेतले तर फायदाही तितक्या पटींनी होईल, हे गृहीतक तिथेच कोसळले.

किरणांपासून वाचवणारी औषधे नाहीतच असे नाही. किरणांआधी दिलेले सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल उंदरांना वाचवते आणि नंतर दिलेले वाचवत नाही, हे १९४९ मध्येच दाखवले गेले. त्याच वंशातले अमिफोस्टिन मान-डोक्याच्या रेडिएशनमध्ये लाळग्रंथी वाचवण्यासाठी अमेरिकेत १९९९ मध्ये मान्य झाले. शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठफळाला २०० मिलिग्रॅम, शिरेतून, किरणांआधी १५ ते ३० मिनिटे. रक्तदाब खाली येतो, उलट्या होतात, म्हणून ते रुग्णालयातच द्यावे लागते. खरे रक्षण करणारे औषध साधारण असे असते : मात्रा मोठी, वेळ काटेकोर, दुष्परिणाम उघड. गंमत म्हणजे किरणोत्सर्गावर खरोखर उपयोगी पडणारा एक रंग आहे, पण तो वनस्पतीचा नाही. चित्रकारांचा प्रशियन ब्लू आतड्यात सीझियम-१३७ या किरणोत्सारी मूलद्रव्याला बांधून शौचावाटे बाहेर काढतो. १९८७ मध्ये ब्राझीलमधल्या गोयानिया शहरातल्या सीझियमच्या दुर्घटनेनंतर ४६ जणांना तो दिला गेला. सीझियमचा शरीरातला अर्धा मुक्काम त्याने सुमारे ११० दिवसांवरून ३० दिवसांवर येतो. बाहेरून पडणाऱ्या एक्स-किरणांवर मात्र त्याचा काडीचाही उपयोग नाही.

रंगांची बातमी वाचून गोळ्या आणणाऱ्यांत दोन प्रकारचे लोक असतात. पहिला, ज्याला छातीचा एक्स-रे काढायचा आहे. त्याला मिळणारी मात्रा ०.१ मिलिसीव्हर्ट (शरीरावरच्या परिणामानुसार मोजलेली मात्रा) किंवा त्याहून कमी; निसर्गातूनच जागतिक सरासरीने वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. त्याने काही घेण्याची गरज नाही. दुसरा कर्करोगाचे रेडिएशन घेणारा रुग्ण. त्याला रोज साधारण २ ग्रे, एकूण ५० ते ७० ग्रे दिले जातात, ते गाठीच्या पेशींचा डीएनए मोडण्यासाठीच. एनआरएफ-२ जागवणारा पदार्थ निरोगी पेशीला आणि गाठीच्या पेशीला वेगळे ओळखत नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये मान-डोक्याच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवरील चाचणीत एका गटाला ई-जीवनसत्त्व, आणि पहिल्या १५६ जणांच्या टप्प्यात त्याबरोबर बीटा-कॅरोटीनही देऊन पाहिले. बीटा-कॅरोटीन मध्येच बंद करावे लागले. दोन्ही मिळून घेणाऱ्यांत दाह कमी झाला, पण गोळ्या घेणाऱ्या एकूण गटात गाठ परतण्याचे प्रमाण जास्तीकडे झुकलेले दिसले.

तेव्हा विनंती एवढीच, की या विषयावरचा मजकूर छापताना संहती, वेळ आणि विद्रावक विचारून घ्यावेत, प्रयोग बशीतल्या पेशींवरचा असेल तर तसे मथळ्यातच लिहावे, आणि त्याच चौकटीत ही सूचना द्यावी : रेडिएशन चालू असताना कर्क्युमिन, कॅरोटीन, लायकोपीन किंवा अन्य अँटिऑक्सिडंट गोळ्या सुरू असतील, तर बाटली घेऊन रेडिएशनच्या डॉक्टरांकडे जावे आणि रोजचे मिलिग्रॅम दाखवावेत. नेहमीच्या जेवणातल्या भाज्या आणि मसाले यांबद्दल हे सांगणे नाही. ते चालू ठेवावेत.

कळावे,
किरणजीवशास्त्राचे अभ्यासक